दहा वाजताचं बीपी

"सगळ्या जगाचं बीपी एकशेवीस-ऐंशी असतं का गं, खरात?"

साळवे सिस्टरांनी माझ्या हातातला तक्ता ओढून घेतला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "तीन नंबर, एकशेवीस-ऐंशी. चार नंबर, एकशेवीस-ऐंशी. पाच नंबर, एकशेवीस-ऐंशी. अगं, पाच नंबरची बाई तर बाथरूमला गेलीय. तिचं कुठून मोजलंस? दाराच्या फटीतून?"

खाटांवरच्या बाया पोट धरून हसायला लागल्या. माझ्या शेजारी उभी असलेली शबाना मुलाणी ओठ चावून छताकडे बघत होती. आम्ही दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडून महिना झाला नव्हता, पण कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. तो साळवे सिस्टरांनी चौथ्या दिवशी मोडीत काढला.

त्या स्टुलावर बसल्या, बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. "बांध पट्टा. मोज माझं."

मी मोजलं. चुकलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा कुठे बरोबर आलं.

"हे बघ पोरींनो," त्या म्हणाल्या, "वरचा आकडा नाडीवर बोट ठेवलं तरी साधारण कळतो. खालचा फक्त कानाला कळतो. ठोके ऐकू येता येता जिथं बंद पडतात, तो. आणि आपल्या वॉर्डातल्या बाईचा जीव त्या खालच्या आकड्यावर असतो. खालचा शंभरावर गेला आणि तुम्हाला कळला नाही, की झटके येतात. मग आई राहते का पोर राहतं, ते देवबापालाच माहीत."

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातला तो गरोदर बायांचा वॉर्ड. अठ्ठावीस खाटा. अंगावर सूज आलेल्या, बीपी चढलेल्या, रक्त कमी असलेल्या बाया लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरून तिथे यायच्या. एस्तेर साळवे तिथल्या इन्चार्ज सिस्टर. नोकरी चौतीस वर्षांची, निवृत्तीला वर्षभर बाकी. लग्न केलं नव्हतं, क्वार्टरमध्ये धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. तोंडाने फटकळ, इतक्या की शिकाऊ डॉक्टरसुद्धा त्यांना वळसा घालून जायचे. आणि हीच बाई दुपारी डबा उघडला की अर्धी पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवायची, कारण हॉस्टेलच्या मेसमधल्या आमटीत डाळ शोधावी लागते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "खा. तू चक्कर येऊन पडलीस तर तुला उचलायला माणूस नाहीये माझ्याकडं." माझी आई मी नववीत असताना गेली. जेव म्हणून कुणी दटावायचं, हे मी विसरूनच गेले होते. चार महिन्यांत मी त्या बाईच्या पायात घोटाळणारं मांजर झाले.

इन्चार्जने स्वतः बीपी घेत फिरायची काही गरज नसते, त्यासाठी आम्ही होतो. पण सकाळी आठचं बीपी साळवे सिस्टर स्वतः घ्यायच्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बायांचं. तो त्यांचा मान होता आणि हट्टही. डॉक्टर इनामदार मॅडम राउंडला आल्या की म्हणायच्या, "आठचं साळवे सिस्टरांचं आहे ना? मग झालं."

दिवाळीनंतरची गोष्ट. मी औषधांचा ट्रे घेऊन सिस्टरांच्या मागे उभी होते. त्या सहा नंबरच्या बाईचं बीपी घेत होत्या. स्टेथोस्कोपची चकती दोन बाजूंची असते. ती फिरवून एक बाजू चालू करायची, मग दुसरी बंद होते. सिस्टरांनी बंद बाजू बाईच्या कोपराला लावली होती. तशी लावली तर कानात काहीच येत नाही. मला वाटलं, आता लक्षात येईल, आता फिरवतील. त्या शांतपणे पाऱ्याकडे बघत राहिल्या, हवा सोडली आणि म्हणाल्या, "एकशेतीस-चौऱ्याऐंशी. लिही."

मी लिहिलं. दहा वाजता कुणी नाही असं बघून मी सहा नंबरचं पुन्हा घेतलं. एकशे चाळीस-शंभर.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन वाजला की त्या आम्हाला उचलायला लावायच्या. मागून हाक मारली की वळायच्या नाहीत, आम्हाला वाटायचं, तोरा आहे. वरचा आकडा त्या नाडीवर बोट ठेवून काढत होत्या. खालचा बाईच्या चेहऱ्यावरची सूज बघून, चौतीस वर्षांच्या अंदाजाने. तो अंदाज दहातल्या सात वेळा बरोबर यायचा. उरलेल्या तीन वेळांचं काय?

मी शबानाला सांगितलं. ती सरळ मुलगी, तिला आडवळणं जमत नाहीत.

"मेट्रन मॅडमना सांगू या."

"वेडी आहेस का? आठ महिने राहिलेत त्यांचे. उचलून लिननच्या खोलीत बसवतील. चादरी मोजत निवृत्त होतील त्या."

"मग सिस्टरांनाच सांग."

"तू सांग."

"मी का? लाडकी तू आहेस."

मी लाडकी होते, म्हणूनच माझी जीभ रेटेना. मी माझ्यापुरता तोडगा काढला. आमच्या वॉर्डात बीपी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला घ्यायची पद्धत होती. मी मध्येच दहाचं सुरू केलं. सिस्टरांना म्हटलं, हात बसावा म्हणून घेते. त्या खूश झाल्या. "कर, कर. पोरगी कष्टाळू आहे," असं त्यांनी इनामदार मॅडमनाही सांगितलं. आठच्या रकान्यात सिस्टरांचा आकडा, दहाच्या रकान्यात खरा. गोळ्या दहाच्या आकड्यावर ठरायला लागल्या. दोन तासांत बीपी चढू शकतं, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. शबानाची पुढे बाळंतीण खोलीत बदली झाली. जाताना ती म्हणाली, "निर्मला, तू आजारी पडलीस तर गं?" मी म्हटलं, "मी नाही आजारी पडत."

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. एवढी मोठी बाई आणि तिला मी सांभाळतेय, तिला पत्ताही न लागू देता. एकवीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यात याहून जास्त हवा भरायला काय लागतं?

आणखी एक होतं. सिस्टर मधूनच मला म्हणायच्या, "खरात, अकरा नंबरचं तू घेऊन बघ बरं. किती येतं ते मला सांग." रोज दोन-तीन बायांचं तरी. मी समजत होते, माझी परीक्षा चाललीय. मी जायची, घ्यायची, खरा आकडा मनात ठेवायची आणि सिस्टरांना त्यांचाच आकडा सांगायची. "तेवढंच आहे, सिस्टर." एकदा मात्र धीर करून म्हटलं, "जरा वेगळं येतंय मला."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "कितीचा फरक?"

तो चेहरा मला बघवला नाही. "दोनचा," मी म्हणाले. खरा फरक सोळाचा होता.

"दोनचा होय!" त्यांनी श्वास सोडला. "दोनचा काय फरक धरायचा! चल, कामाला लाग."

मालन सरगर फेब्रुवारीत आली. माणदेशातल्या एका वस्तीवरची, वय वीस-एकवीस, माझ्याच वयाची. आठवा महिना. पाय सुजून खांबासारखे झालेले, पण बोलायला भारी. पहिली दोन पोरं पोटात असतानाच गेलेली. या खेपेला नवऱ्याने जमेल तितक्या लवकर आणून दवाखान्यात टाकलं होतं. "ताई, ह्ये जगलं तर तुमचंच नाव ठिवते," ती मला म्हणायची. मी विचारलं, मुलगा झाला तर? "मग डाक्टरचं. तुमचा डाक्टर नवरा व्हईलच की तवर."

तिचं बीपी मोठं लबाड होतं. सकाळी सिस्टरांच्या अंदाजात बसायचं, दहाला माझ्या कानात शहाण्णव, अठ्ठ्याण्णव. गोळी वाढवली की उतरायचं, दोन दिवसांनी परत चढायचं. मी दहाला तिच्याकडे आधी जायची.

मार्चमध्ये माझ्या भावाचा साखरपुडा होता. दोन दिवसांची किरकोळ रजा मी पंधरा दिवस आधी मंजूर करून घेतली होती. आदल्या दिवशी मालनचं नव्वद होतं. मी मनाला समजावलं की दोन दिवसांनी काय होतंय. माझ्या जागी सर्जिकल वॉर्डातून एक मुलगी येणार होती. तिला सांगावं असं निघताना एकदा मनात आलं. पण सांगायचं काय? साळवे सिस्टरांना ऐकू येत नाही, हे? मी बस पकडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी वॉर्डात शिरले. अकरा नंबरची खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली.

"मालन कुठं गेली?"

फरशी पुसणाऱ्या हौसामावशी थांबल्या. "काल अकराच्या सुमाराला झटके आले तिला. धरून धरून चौघींचे हात गेले. पोर पोटातच गेलं गं. मुलगी हुती."

मी तक्ता काढला. पहिल्या दिवशी संध्याकाळी ब्याण्णव. काल सकाळी आठला, सिस्टरांच्या गोल अक्षरात, एकशेतीस-चौऱ्याऐंशी. दहाचा रकाना दोन्ही दिवस कोरा. त्याखाली डॉक्टरांनी घाईत लिहिलेलं, झटक्यांनंतर, एकशेसाठ-एकशेवीस.

मालन बाळंतीण खोलीलगतच्या खोलीत होती. उशाशी तिची आई बसलेली, पदर तोंडावर घेऊन. मालनची जीभ चावली गेली होती, शब्द जड येत होते. मला बघून तिने हात पुढे केला.

"ताई, आलासा?"

"मालन, डोकं दुखत नव्हतं का गं तुझं? डोळ्यांपुढं अंधारी?"

"पहाटंपासनं ठणकत व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"तुमी रोज धाला येऊन दुसऱ्यांदा बघायचा. दोन दिस कुणीच आलं न्हाई. मला वाटलं, आता माझं बरं झालंय, म्हणून येत नसतील. मग डोक्याचं कशाला सांगत बसू."

मी तिचा हात धरून उभी राहिले. तिच्या आईने विचारलं, "बाई, पुढच्या खेपंला तरी जगंल का वो पोर?" मी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आज आठवत नाही, पण ते खरं नव्हतं एवढं नक्की.

साळवे सिस्टर वॉर्डामागच्या ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. टेबलावर कागद, हातात पेन. दोन दिवसांत त्या खूप म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. मी मागून हाक मारली, मग पुढे जाऊन खांद्याला हात लावला.

"आलीस? कसा झाला साखरपुडा?" असं विचारून त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "जबाब लिहितेय. मला ऐकू येत नाही म्हणून. काल मीच मेट्रनना सांगितलं. त्या पोरीचं लेकरू माझ्या कानानं गेलं, खरात."

त्यांचं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. त्यांचा भार कसा कमी करू, एवढंच डोक्यात होतं, आणि मी बोलून गेले.

"सिस्टर, एकट्या तुमची चूक नाही. मला माहीत होतं. मी रोज दहाला सगळ्यांचं परत घेत होते."

"काय म्हणालीस? समोर ये. तोंड बघू दे तुझं."

मी समोर जाऊन पुन्हा सांगितलं, सावकाश. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे थांबलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीनंतर."

"आणि मी विचारायची तेव्हा? अकराचं बघ, सहाचं बघ, म्हणायची तेव्हा?"

"मी तुमचाच आकडा सांगायची. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय."

"तुझी?" सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुझी कशाला घेऊ? मी माझी घेत होते गं. मलाही दिवाळीपासूनच संशय येत होता. कानाच्या डॉक्टरकडं जायची भीती वाटली. म्हटलं, ही पोर माझ्याशी खोटं बोलायची नाही. हिलाच विचारायचं. ज्या दिवशी ही म्हणेल, सिस्टर, चुकतंय तुमचं, त्या दिवशी सरळ मेट्रनकडं जायचं. मला दुसरीकडं बसवा म्हणायचं. लिननमध्ये बसवलं असतं तरी बसले असते की."

सिस्टरांनी जबाबाचा कागद बाजूला सारला.

"चार महिने तू म्हणालीस, बरोबर आहे. मी घरी जाऊन बहिणीला सांगायची, अंदाज म्हण, काही म्हण, माझं बीपी अजून चुकत नाही. परवा तू नव्हतीस. काल मालनचं घेतलं तेव्हा त्या नव्या पोरीला विचारणार होते, एकदा बघ म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, कशाला? चार महिन्यांत एकदाही चुकलं नाही, ते आज काय चुकणार?"

मला त्यांच्या मांडीत डोकं घालून रडावंसं वाटत होतं, आणि तेवढा हक्क आपण घालवलाय हेही कळत होतं.

"सिस्टर, मी काय करू?"

"तुझं नाव मी लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ते सांगायचं तर तुझं तू सांग."

अकरा वाजता मेट्रन मॅडमनी आम्हाला दोघींना बोलावलं. साळवे सिस्टर खुर्चीत बसल्या, मी उभी राहिले. इनामदार मॅडमही होत्या. मॅडमनी जबाब वाचला, दोनदा वाचला, चष्मा काढला.

"साळवे, चौतीस वर्षांची नोकरी तुमची. पेन्शनवर येईल हे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "खरात, तू रोज यांच्या हाताखाली होतीस. दहाचं जादा बीपी तू घेत होतीस असं दिसतंय. यांना ऐकू येत नाही, हे तुला कधी जाणवलं होतं का?"

माझी नोकरी दहा महिन्यांची होती. अजून मी कायम व्हायची होते. गावाकडे वडील माझ्या मनीऑर्डरची वाट बघायचे, भावाचं लग्न ठरलं होतं. ही सगळी कारणं मी गेली एकतीस वर्षं स्वतःला सांगत आलेय. त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. मनात नुसती भीती होती.

मी साळवे सिस्टरांकडे पाहिलं. त्या मेट्रनकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती.

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज इतका खाली गेला होता की टेबलापलीकडे पोचलाच नाही. मेट्रन मॅडम पुढे झुकल्या. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

माझ्याच्याने दुसऱ्यांदा बोलवेना.

"नाही म्हणतेय ती," साळवे सिस्टरांनी सांगितलं, आणि सही करायला कागद पुढे ओढून घेतला.